प्रमाण आणि प्रतिकृती

तंजावूरच्या राजवाड्याच्या परिसरातून हिंडताना हस्तकलेच्या एखाद्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवलेले पांढरेशुभ्र मंदिर हमखास दृष्टीस पडते. प्रथमदर्शनी ते हस्तिदंती वाटते. वस्तुतः ते भेंडाचे असते. आपल्याकडे ज्या भेंडाची बाशिंगे होतात, त्याच पाणवनस्पतीच्या गाभ्याला तेथील कारागीर ‘नेट्टी’ म्हणतात आणि धारदार सुरीने त्याचे पापुद्रे काढून बृहदीश्वराच्या विमानाचे मजल्यामागून मजले रचतात. या कामाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मंदिराच्या अशा प्रतिकृती कितीतरी पाहिल्या. मात्र ज्या राजवाड्याच्या सावलीत त्या विकल्या जातात त्या राजवाड्याची प्रतिकृती काही माझ्या पाहण्यात आली नाही.

याचे एक कारण सरळ आहे. मंदिराला एक आकृती आहे; ते एका राजाच्या संकल्पातून उभे राहिले आणि १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. राजवाड्याला अशी आकृती नाही. नायक राजांनी तो उभारला, १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावूर घेतल्यानंतर भोसल्यांनी तो वाढवला, पुढे सरकारी कचेऱ्या त्यात शिरल्या. आज तेथे सरस्वती महाल ग्रंथालय आहे, चोळांच्या कांस्यमूर्तींचे कलादालन आहे, मराठा दरबाराचे रंगीत खांब आहेत, सुमारे १९० फुटांचे आयुधगोपुर आहे, आणि तरंगमपाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा सांगाडाही आहे. यातले काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हे भेंड कापायला बसण्यापूर्वीच ठरवावे लागेल. मंदिर करणाऱ्याला हा प्रश्न इतक्या तीव्रतेने पडत नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय हाच प्रश्न आहे. जी वस्तू आपण लहान करून हुबेहूब उभी करतो, तिच्याशी आपण किती प्रामाणिक राहिले पाहिजे, आणि हा प्रामाणिकपणा कशात असतो? ज्या छंदात हुबेहूबपणाला सर्वाधिक मान आहे, त्या छोट्या आगगाडीच्या मांडणीच्या आधाराने मी तो तपासून पाहणार आहे. प्रौढ माणसांनी खेळण्यातल्या गाडीसाठी डोंगर, पूल, स्थानके आणि गावे रचत बसावे, हे काहींना पोरकट वाटेल. परंतु सत्याभासाची इतकी कडक शिस्त कादंबरीकारांतही क्वचितच आढळते.

लहान गाव रचण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. दिवाळीत महाराष्ट्रातली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड आणि गोणपाट यांवर चिखल थापतात, हळीव पेरून रान उगवतात, गुहेत वाघ बसवतात. या किल्ल्यावर सिंहासनावर बसलेले महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात, पहारेकरी मावळा बुरुजाहून थोर असतो, आणि कोणाही पोराला त्यात काही वावगे वाटत नाही. तमिळ देशात नवरात्रात ‘कोलू’ मांडतात. तंजावरी मराठी घरांनीही तो आपलासा केलेला आहे. विषम संख्येच्या पायऱ्यांवर देवदेवता, लाकडी राजाराणी, वाणी आणि वाणीण बसतात. पायऱ्यांसमोर जमिनीवर बाग मांडतात, तिच्यात मोहरी किंवा नाचणी उगवून शेते करतात, आरशाच्या तुकड्याचे तळे करतात, आणि पुष्कळ घरांत या तळ्याभोवती किल्लीची किंवा विजेवरची आगगाडी फिरते. कैलासातला शंकर वरच्या पायरीवर आणि खाली रेल्वेचे फाटक. काळाचा किंवा आकाराचा मेळ घालण्याची गरज कोणालाच भासत नाही.

श्रीशंकुकाने नाट्यप्रतीतीचे विवेचन करताना चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. चित्रतुरग पाहून ‘हा घोडा’ असे आपण म्हणतो तेव्हा ते ज्ञान सम्यक् नसते आणि मिथ्याही नसते. तो संशय नव्हे आणि निव्वळ सादृश्यही नव्हे. दिवाळीचा किल्ला आणि कोलूची बाग या प्रतीतीत सुखाने नांदतात. ‘हा रायगड’ असे मूल म्हणते आणि त्याला कोणी पुरावा मागत नाही. ज्याने सत्याचा दावाच केलेला नाही त्याला खोटे पाडता येत नाही.

छोट्या आगगाडीची मांडणी करणारा मात्र हा दावा करतो, आणि तोही आकड्यांत. जगात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे. त्या हिशेबाने साडेपाच-पावणेसहा फुटांचा माणूस सुमारे दोन सेंटिमीटरचा होतो. दार, खिडकी, दिव्याचा खांब, म्हशीची शिंगे, सारे त्याच भागाकारातून निघाले पाहिजे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे एका मोठ्या मेजावर दिवस मावळतो, गावात दिवे लागतात, सिग्नल बदलतात आणि गाड्या ठरल्याप्रमाणे धावतात. पाहणारा नकळत वाकतो, डोळा फलाटाच्या उंचीवर आणतो. मातीच्या किल्ल्यापुढे कोणी असा वाकत नाही. आपल्याला फसवून घ्यायचे असते, आणि त्यासाठी आधी खात्री हवी असते.

चित्राच्या षडंगांत यशोधराने ‘प्रमाण’ आणि ‘सादृश्य’ ही दोन अंगे वेगवेगळी मोजली आहेत, हे मला नेहमी मार्मिक वाटत आले आहे. आकार मापात उतरला म्हणून वस्तू सारखी दिसतेच असे नाही. शिवाय ‘प्रमाण’ हा शब्द नैयायिकांकडे गेला की माप हा अर्थ मागे पडतो आणि यथार्थ ज्ञानाचे साधन हा अर्थ पुढे येतो. मांडणीकार पट्टी घेऊन पहिले प्रमाण सांभाळतो आणि पाहणारा त्याच्या भरवशावर दुसरे गृहीत धरतो. माप इतके अचूक आहे, तर हे गाव असेच असले पाहिजे, असे तो मानतो. पुढे ज्या अडचणी मांडणार आहे त्यांचे मूळ येथेच आहे.

हे मापही वाटते तितके निर्दोष नसते. एकास सत्त्याऐंशीच्या बाजारी रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांना बरोबर बसते. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणून भारतीय गाडीची हौस असलेला माणूस बहुधा आपली गाडी परक्या मापाच्या रुळांवर चालवतो आणि तीन मिलिमीटरच्या असत्याकडे डोळेझाक करतो. फलाटावर उभी करण्याच्या तयार आकृतीही बहुशः युरोपीय प्रवाशांच्या. त्यांच्या टोप्या कानशीने घासून, झग्यावर रंगाने लुगडे काढून त्यांचे भारतीयीकरण करावे लागते. घासलेल्या टोपीखालचा माणूस मग कितीही झाले तरी बर्लिनची गाडी चुकल्यासारखाच उभा दिसतो, हा भाग निराळा.

समजा, अशा एखाद्या कसबी माणसाने तंजावूर करायचे ठरवले. स्थानकापासून राजवाड्यापर्यंतचे सरळ अंतर दीड किलोमीटरच्या आसपास आहे. एकास सत्त्याऐंशीने ते सतरा-अठरा मीटर भरेल. एवढी खोली कोणाच्या घरात असते? मंदिराचे सुमारे २१६ फुटांचे विमान अडीच फुटांचे होईल, ते ठीक. पण स्थानक, मंदिर आणि राजवाडा एकाच मेजावर आणायचे तर मधला भाग काढून टाकावा लागेल. मांडणीकारांच्या शास्त्रात या निवडक संक्षेपाला मान्यता आहे. जे ओळखीचे आणि डौलदार ते ठेवायचे, मधली घरे, दुकाने आणि गल्ल्या कमी करायच्या. यात लबाडी नाही. नकाशा काढणाराही तेच करतो. तरीही मधल्या गल्ल्यांत राहणाऱ्याने ही मांडणी पाहिली तर त्याला काय वाटेल, हा विचार मनातून जात नाही.

अक्षरांचे आणखी विचित्र होते. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. जगातल्या प्रदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. आता एक इंच उंचीचे अक्षर या प्रमाणात मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतके उरते. म्हणजे भिंत अचूक होईल, दगडाचा रंग अचूक होईल, आणि त्या भिंतीने जे सांगण्यासाठी जन्म घेतला ते केवळ खरखरीतपणा म्हणून शिल्लक राहील. लहान करण्याच्या क्रियेत दृश्य टिकते आणि वाच्य नष्ट होते. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी ‘ला पाँसे सोव्हाज’ या १९६२ च्या ग्रंथात लघुप्रतिकृतीच्या मोहिनीचे कारण सांगितले आहे, ते असे की, तिच्यात आपल्याला अवयवांच्या आधी संपूर्णाचे ज्ञान होते, आणि म्हणून ती वस्तू आपल्या ताब्यात आल्यासारखी वाटते. निरीक्षण खरे आहे. परंतु हे संपूर्ण वरून पाहिलेले संपूर्ण असते. देवमाशाचा सांगाडा त्यात मावतो आणि वंशाचे चरित्र मावत नाही.

याहून अवघड निर्णय सालाचा. आगगाडीची मांडणी काळाच्या बाबतीत कोलूसारखी उदार नसते. विशिष्ट इंजिन विशिष्ट वर्षांतच धावले, म्हणून साल ठरवावेच लागते. तंजावूरला हे फारच बोचरे होते. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रसंतानावाचून वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राज्याबरोबर राजाची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. मद्रासच्या न्यायालयात त्या जिंकल्या. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला: हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात लक्ष घालता येत नाही. पुढे १८६२ मध्ये सरकारने ती मालमत्ता वारसांना सोडून दिली. आणि नेमक्या याच दरम्यान, १८६१-६२ मध्ये, ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वेने नागपट्टणमपासून तंजावूरवरून त्रिचनापल्लीपर्यंत लोहमार्ग आणला. तो ब्रॉडगेज होता. १८७५ मध्ये रूळ जवळ घेऊन त्याचे मीटर गेज केले, आणि सव्वाशे वर्षांनी पुन्हा ब्रॉडगेज केले.

रेल्वेवेड्याला यांपैकी १८६१ हे साल मोहात पाडील, यात शंका नाही. पहिले इंजिन, पितळी घुमट, पाहायला लोटलेली माणसे! मेजाच्या मागच्या कडेला, आकाश रंगवलेल्या पडद्याला लागून, राजवाडा उभा राहील. तोही देखणा होईल. मांडणीच्या शास्त्राचा एक अलिखित नियम आहे की, जे रुळांजवळ ते घडीव, जे दूर ते अर्धे घडीव, आणि जे त्याहून दूर ते पडद्यावर रंगवलेले. या नियमाने १८६१ च्या तंजावुरात इंजिनाची एकेक खिळपट्टी दिसेल आणि आपल्याच घरात आपल्या वस्तूंवरचा हक्क मागणाऱ्या राण्या पार्श्वभूमीत जातील. मांडणीकाराने कोणाचा अपमान करायचे मनातही आणलेले नसते. केवळ आगगाडीला मध्यभागी ठेवले म्हणून हे सारे आपोआप घडते. इतिहासाच्या काही पुस्तकांतही ते असेच आपोआप घडले आहे.

मालधक्क्यावर तांदळाची पोती ठेवायची असतील, तर ती कोठे चालली आहेत हेही सुचवावे लागते. कावेरीच्या मुखप्रदेशाचा तांदूळ नागपट्टणमहून जहाजात चढत असे आणि त्याच बंदरातून मलायाच्या मळ्यांकडे मजूरही जात. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आगगाडीने इलाख्यात धान्य पोहोचवले की भाव असेल तिकडे ओढून नेले, हा वाद तेव्हापासून चालू आहे. पोते पाऊण सेंटिमीटरचे. कापडात रवा भरून ते सहज करता येते.

आता जुनाटपणाच्या रंगाविषयी. नवशिक्याची घरे कोरी करकरीत असतात आणि म्हणून खोटी दिसतात. कसबी माणूस पातळ काळ्या-तपकिरी रंगाचे हात देऊन भिंतीवर पावसाचे ओघळ आणतो, पत्र्यावर गंज चढवतो, खडूची पूड घासून धूळ बसवतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन याने ही विद्या कळसाला नेली. त्याच्या मांडणीतली मोडकी लाकडी बांधकामे पाहून पुढच्या दोन पिढ्यांनी धडे घेतले. तो १९७३ च्या जानेवारीत वारला आणि दहा दिवसांनी ती सारी मांडणी आगीत जळाली. त्याची छायाचित्रे पाहताना मला एक अस्वस्थता जाणवते. त्यांत दैन्य फार सुंदर दिसते. गळके छप्पर लहान केले की गळत नाही. त्याचा फक्त रंग उरतो. वास, ओल, डास, कर्ज, यांपैकी काहीही एकास सत्त्याऐंशीने उतरत नाही, आणि जे उतरते ते नेमके डोळ्यांना सुखावणारे असते.

तंजावूरच्या मांडणीत रुळांच्या दोन्ही बाजूंना भातशेते येणारच. हिरव्या रंगवलेल्या भुशाची किंवा बारीक स्पंजाची शेते, राळेचे चकचकीत पाणी, नारळाची झाडे, आणि बांधाच्या कडेला शेतमजुरांच्या दोन-चार झोपड्या. काथ्याचे तंतू ओळीने चिकटवले की झावळ्यांचे छप्पर फार छान साधते. रचनेच्या दृष्टीनेही हिरव्या सपाटीवर असा तपकिरी ठिपका हवाच असतो. २५ डिसेंबर १९६८ रोजी, तेव्हाच्या याच तंजावूर जिल्ह्यात, कीळवेण्मणी या गावी मजुरीच्या वादातून दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवण्यासाठी एका झोपडीत शिरलेली चव्वेचाळीस माणसे, त्यांत बहुसंख्य बाया आणि मुले, त्या झोपडीसह जाळण्यात आली. ज्याला हे ठाऊक आहे त्याने काथ्याचे छप्पर चिकटवताना काय करावे?

गाळून टाकावी, हे एक उत्तर. पण मग शेते आपोआप पिकतात असे दिसेल, आणि ते अधिक मोठे असत्य होईल. जळालेली झोपडी दाखवावी, हे दुसरे. माझ्या मते ते अभिरुचीला सोडून आहे. गाडी दर दोन मिनिटांनी त्या राखेजवळून शिट्टी देत जाणार, आणि पाहणाऱ्यांची मुले टाळ्या वाजवणार. मला वाटते, झोपडी असावी, आणि तिच्याबाहेर माणसे कामात असावीत. लावणीला वाकलेली बाई पाठीवरून ओळखू यावी. झोपडीचे दार खऱ्या झोपडीइतकेच ठेंगणे असावे. देखणेपणासाठी ते वाढवू नये. येथे पट्टीचे प्रमाण मदतीला येते. आत शिरायला किती वाकावे लागते, हे मापातून कळते आणि रंगातून कळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा विरंगुळा आहे. दिवसभर कचेरीत राबलेला माणूस संध्याकाळी दोन डबे आणि एक पूल घेऊन बसतो, त्याच्यावर इतिहासाचे ओझे कशाला? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला नुसती गाडी फिरवायची आहे त्याने कोलूच्या बागेत फिरवावी. तेथे त्याला कोणी काही विचारणार नाही, आणि ती बाग मला कोणत्याही संग्रहालयाइतकीच प्रिय आहे. पण ज्याने पट्टी हाती घेतली, इंजिनाच्या चाकांचे आरे मोजले आणि ‘हे असेच होते’ असे म्हटले, त्याला चाकांपुरतेच खरे बोलण्याची सवलत मागता येणार नाही. सादृश्य जितके अधिक तितके त्याचे देणे अधिक.

हे देणे ओळखलेला एक माणूस होऊन गेला. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये इंग्लंडला आला. ऑक्सफर्डशायरकडच्या खेड्यांतली जुनी, गवती छपरांची घरे डोळ्यांदेखत पाडली जात आहेत किंवा बदलली जात आहेत, हे पाहून त्याने त्यांची मापे घेऊन ती लहान आकारात जतन करायला सुरुवात केली. १९५४ मध्ये लाँग विटनहॅम या गावी त्यातून पेंडन संग्रहालय उभे राहिले. तेथे एकेका घराला कित्येक महिने लागतात, कारण ते कोणत्यातरी खऱ्या घराचे असते. आगगाडी तेथे आहे, पण ती पाहुणी आहे. तरीही पेंडनची खेडी पाहून जुन्या इंग्लंडविषयी जो हळवेपणा दाटून येतो तो मला सर्वस्वी निर्मळ वाटत नाही. त्या गवती छपरांखालची थंडी आणि मजुरांची वेतने त्या घरांत नाहीत. इंग्लंडने आपल्या कामाला साल आणि पत्ता दिला, एवढे मात्र मान्य केले पाहिजे; ज्याला साल आणि पत्ता आहे त्याची उलटतपासणी करता येते.

राजवाड्याकडे परत येऊ. अशा मांडणीतली घरे आतून पोकळ असतात. पुठ्ठ्याच्या किंवा प्लायवुडच्या चार भिंती, वर छप्पर, आत काही नाही. संध्याकाळ दाखवायची तर आत एक बारीक दिवा सोडतात आणि खिडकीला मागून पिवळसर कागद लावतात. तेवढ्याने आत कोणीतरी राहते असे वाटू लागते. सगळ्याच खिडक्या उजळल्या तर ते हॉटेल दिसते, म्हणून जाणते लोक मोजक्याच खिडक्यांमागे दिवा ठेवतात. १८६१ चा तंजावूर राजवाडा करणाऱ्याला या खिडक्या निवडाव्या लागतील. दरबारात तेव्हा दरबार भरत नव्हता. तो अंधारात ठेवावा. सरस्वती महालातल्या पोथ्यांना रात्री कोणी हात लावत नसावे. पण जनानखान्याकडच्या बाजूला, स्थानकावरून सहजासहजी न दिसणाऱ्या एखाद्या लहान खिडकीमागे, तेलाच्या ज्योतीचा रंग येईल असा, अगदी मंद दिवा हवा.